लहान होत गेलेली लांडोर

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. काटेवाडीच्या संभाजीरावांच्या गोठ्यात, पेंडीच्या पोत्याला टेकून उभा आहे. जन्म कारखान्यातला, पण शहाणपण आलं ते याच घरात. मला आणलं तेव्हा झेंडूचा हार घातला होता. क्रिकेट, कीर्तन, बाजारभाव, सगळं मी दाखवलं. संभाजीराव पाहुण्यांना सांगायचे, "असला पडदा गावात दुसरा न्हाय." मी फुगायचो. थोडा गर्विष्ठच आहे मी.

त्यांची मुलगी सोनम लोणी देवकरला कारखान्यात नोकरी करते. संध्याकाळी आवाज बारीक करून ती एक कार्टून मालिका बघायची. मोठ्यांसाठीची, बरं का! त्यात दोन जोड्या होत्या. कोल्हा आणि कोल्हीण दिवसभर कडाकडा भांडायचे, भांडी आपटायचे. पण घर बदलायचं असो की नोकरी, दोघांचं एकमत होईपर्यंत कुणी जागचं हलत नसे. मोर मात्र लांडोरीशी कधी आवाज चढवून बोलला नाही. रोज भेटवस्तू आणायचा आणि तिचं सगळं स्वतःच ठरवायचा. चित्रकारांनी एक खुबी केली होती. दर भागात ते लांडोर थोडी लहान काढायचे. मालिकेत त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. सोनमच्या ते ध्यानात आलं तेव्हा तिने चित्र थांबवलं आणि बराच वेळ बघत बसली.

कारण तिचं सिद्धूशी लग्न जमत आलं होतं. सिद्धू इंदापूरचा, बोलायला गोड. साड्या आणायचा. सारखा फोन करायचा, "कुठं हायस? फोटो पाठव की." लग्नानंतर तिने नोकरी सोडायची, हेही त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. सोनमला हे लग्न नको होतं. पण सांगणार कुणाला? एवढं चांगलं स्थळ म्हणून घरात सगळे हरखलेले.

सुपारीचा दिवस उजाडला. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग माघार नाही. पाहुण्यांची मुलं दंगा करू लागली, तसे संभाजीराव म्हणाले, "पोरांना कार्टून लावा रं, गप बसतील." कार्टून म्हणजे लहान मुलांचंच, अशी त्यांची ठाम समजूत! सोनमने अर्धवट सोडलेला भाग सुरू झाला. कोल्हीण कोल्ह्यावर खेकसत होती. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"असली बाई घरात नको रं बाबा," सिद्धूचे मामा हसत म्हणाले.

मग मोर आला. त्याच्या पंखाखाली चिमणीएवढी उरलेली लांडोर. सिद्धूने बोट दाखवलं. "जोडी असावी तर अशी. किती गुणाची हाय बघा, चकार शब्द न्हाय."

मामांनी अडकित्त्यात सुपारी धरली.

सोनम उभी राहिली. तिने आधी मामांकडे, मग वडिलांकडे पाहिलं. "मामा, थांबा. तात्या, मला हे लगीन करायचं न्हाय."

मी चालूच होतो, पण आता माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

"कुणी शिकवलं तुला हे?" संभाजीराव गरजले.

"शिकवायला कशाला पायजे? मला न्हाय करायचं."

चहा न घेता पाहुणे उठले. सुपारी अख्खीच राहिली आणि खापर फुटलं माझ्यावर! "ह्या डब्यानंच पोरगी बिघडवली," म्हणत संभाजीरावांनी माझी वायर उपटली आणि मला इथे आणून टाकलं. मला राग आला, तो अजून गेलेला नाही. लेकीशीही ते बोलत नाहीत. ती मान खाली घालून कामाला जाते, आणि मला तिची फार काळजी वाटते.

काल तिची आई, द्वारकाबाई, धार काढायला आल्या. जाताना थांबल्या, पदराने माझ्या काचेवरची धूळ पुसली आणि हळूच म्हणाल्या, "माझी बी सुपारी फुटली हुती. मी चुलीपाशी बसले हुते. मला कुणी बोलावलं बी न्हाय."

मित्रांनो, मला परत भिंतीवर लावा, असा हट्ट मी करणार नाही. एकच मागतो. तुमच्या ताईची सुपारी ठरेल तेव्हा आधी ताईला विचारा, आणि तिचं उत्तर येईपर्यंत अडकित्ता कुणाला हातात घेऊ देऊ नका.