पक्क्या रंगाची परीक्षा

कॅरव्हॅनच्या पूजेत नारळाने आधी पायरी फोडली आणि मग तो स्वतः फुटला, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. मडिकेरीच्या पावसात छतातून जे पाणी आले, त्याने प्रथम कोनाड्यातला गणपती गाठला. विसर्जनाची सोय कारागिराने बांधणीतच करून ठेवली होती. माझी पत्नी अदिती गादीवर छत्री उघडून बसली आणि म्हणाली, "विश्राम, एक तर ही पेटी परत जाईल, नाहीतर मी."

सात दिवसांत दोष सिद्ध झाल्यास गाडी परत घ्यायची, असा राघवेंद्रशी करार होता. हुणसूर रस्त्यावरच्या शेडमध्ये तो या गाड्या बांधत असे. सातव्या सकाळी तो म्हैसुरात कुवेंपुनगरला आमच्या दारी आला, ओल्या प्लायवूडवरून बोट फिरवले आणि निदान केले, "ही गळती नाही सार. तुमचा श्वास आहे. थंड पत्र्याला लागून पाणी होतो."

"दोन बादल्या?"

"तुम्ही बोलता पण जास्ती, अल्वा? हो ना?"

अदितीने या एका मुद्द्यावर त्याला दुजोरा दिला.

शेजारचे खंडोजीराव कुंपणापाशी ऐकत होते. त्यांच्या चार पिढ्यांनी म्हैसुरात लुगडी रंगवली होती. "भांडता कशाला? छतावर रंगीत पाणी ओततो. आत रंगीत पडलं तर गळती, साधं पडलं तर सारांचा श्वास. मुगीतु, संपला विषय!"

"ओता की," राघवेंद्र म्हणाला आणि आपले तुळतुळीत टक्कल घेऊन आत थेट छताच्या सांध्याखाली जाऊन बसला.

खंडोजीरावांनी शिडीवरून हंडाभर लाल पाणी ओतले. दुसऱ्याच मिनिटाला राघवेंद्र बाहेर आला, तो नुकताच शेंदूर फासलेल्या देवासारखा.

"सिद्ध झाले," मी म्हणालो.

"झालं. पण गाडी जशी दिली तशीच परत, असं लिहिलंय. ही लाल झाली."

तसे लिहिले होते खरे. त्या कलमाची भाषा मीच घासूनपुसून दिली होती.

"धुऊन देतो."

खंडोजीराव दुखावले. "धुऊन जाणारा रंग आमच्या घरात होत नाही. तुरटी घालून उकळलाय!"

राघवेंद्रने घाईघाईने रुमालाने डोके पुसले, मग नळाखाली धरले. रंग अधिकच खुलला.

"हे किती दिवस?"

"पंधरा. केस असते तर जास्ती."

"अय्यो! दुपारी पिरियापट्टणचा तंबाखूवाला येतोय गाडी बघायला!"

"तर मग मीही येतो," मी म्हणालो. "त्यांना चार गोष्टी समजावून—"

अदितीने मला हाताने बाजूला केले. तिच्या एका हातात परतीचा कागद होता, दुसऱ्यात माझी माकडटोपी. "राघवेंद्र, टोपी घ्या. कानही झाकले जातील. आणि हे घरीच राहतील, तोंड मिटून. आधी इथे सही."

राघवेंद्रने टोपीकडे पाहिले, मग माझ्याकडे. बहुधा माझ्याकडे पाहूनच त्याने सही केली.

भर उन्हात माकडटोपी घालून तो आपल्या जीपने पेटी ओढत निघाला. लाल ओघळ उतरलेली तिची पाठ वळणापर्यंत न्याहाळत खंडोजीराव खिन्नपणे म्हणाले, "काठाला जरा फिका बसला."