गुरुपादप्पांचा उपास

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली श्रावण कोरडाच चालला होता. पाट्या रंगवणारा शिडी घेऊन उदगीरच्या बाजारात फिरत होता आणि दुकानादुकानावरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहीत होता. जिल्हा बदलला, नळाला पाणी मात्र चार दिवसांआडच. त्याच श्रावणात गल्लीत बातमी फुटली की कापडवाले गुरुपादप्पा पावसासाठी उपासाला बसले.

आता असं काही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण लिंगायतांत गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. साठी उलटली तरी अप्पांनी हा नेम कधी मोडला नव्हता. चैत्रात बायको बसम्मा गेली. त्यानंतर आधी दुकान सुटलं, मग संध्याकाळचं मठात जाऊन बसणं सुटलं, मग दाढी. शेवटी पूजा सुटली, आणि पूजा नाही म्हणून जेवण नाही. ताट नेलं की म्हणायचे, "पूजा व्हायचीय." घोटभर पाणी प्यायचे आणि ओसरीत घोंगडीवर भिंतीकडं तोंड करून पडायचे. श्रावणात माणूस जेवत नाही म्हटल्यावर गल्लीनं आपल्या मनानं काय तो अर्थ लावला.

चौथ्या दिवशी बायका नारळ घेऊन आल्या. पोरगा मन्मथ दारात उभा राहून सगळ्यांना आत घेत होता. मन्मथ तसा भोळा गडी. बापाला काहीतरी झालंय हे कबूल करण्यापेक्षा बाप मोठा झालाय हे मानणं त्याला सोपं गेलं.

सुनेला, शिवगंगाला, ते पटेना. उपासाला बसलेला माणूस आंघोळ करतो, कपाळाला विभूती लावतो. अप्पांच्या अंगाला वास येत होता. पाचव्या दिवशी दुपारी ओसरीत कुणी नाही असं बघून ती पदर सावरून उंबऱ्याशी बसली.

"अप्पा, खरं सांगा. पावसासाठी बसलाव का?"

"कसला पाऊस," अप्पा भिंतीला सांगितल्यासारखे बोलले. "उठवंना झालंय मला. उठून तरी काय करू?"

तेव्हा मात्र शिवगंगाला खरं काय ते कळलं. उपास धरलेल्या माणसाला सोड म्हणून गळ घालता येते. ज्यानं काही धरलंच नाही, त्यानं सोडायचं काय? असेच आणखी चार-सहा दिवस गेले तर सासरा हातचा जाणार होता, आणि वर गल्ली त्याच्या नावानं जयजयकार करणार होती.

तिनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, अप्पा उपासाला न्हाई बसले. ते चाललेत."

"लोक दर्शनाला यायलेत आन् तू काय बोलायलीस?" मन्मथ म्हणाला. "मधीच उठवलं आन् पाऊस न्हाई आला, तर गल्ली काय म्हणंल?"

"आन् मेले म्हंजी?"

मन्मथ उठून दारातल्या बायकांना आत घ्यायला गेला. 

रात्रभर शिवगंगा सासूच्या वेळच्या सकाळी आठवत पडली. बसम्मा पहाटे चूल पेटवायची, पाणी तापवायची, बादली न्हाणीत ठेवायची आणि तिथूनच खणखणीत आवाज द्यायची, "अहो, पाणी काढलंय, उठा." अप्पा उठायचे. एकदा उठले की आंघोळ, पूजा, भाकरी, दुकान हे सगळं एकामागं एक आपसूक व्हायचं. चाळीस वर्षं अप्पा आपले आपण कधी उठलेच नव्हते. बसम्मा गेल्यावर आवाज कुणी द्यायचा? सून सासऱ्यापुढं आवाज चढवत नाही, आणि पोरगा बापाला झोपेतून उठवत नाही. सगळ्यांनी मान राखला, आणि मान राखता राखता घरातलं माणूस मरायला टेकलं.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं पाणी तापवलं. घरात दोन बादल्या पाणी होतं, त्यातली एक न्हाणीत नेऊन ठेवली. ओसरीत शेजारची केवळाबाई आणि चार बायका हात जोडून बसल्या होत्या. शिवगंगानं न्हाणीच्या दारातूनच आवाज दिला.

"अप्पा, पाणी काढलंय. उठा."

केवळाबाई ताडकन वळली. "आगं, येड लागलं का तुला? तपाला बसल्यालं माणूस हाय ते."

"काढल्यालं पाणी या दुष्काळात कुठं ओतू, मावशी?" असं म्हणून तिनं पुन्हा आवाज दिला, आणि मग तिसऱ्यांदा.

अप्पांची पाठ हलली. भिंतीला हात लावून ते उभे राहिले आणि कुणाकडं न बघता न्हाणीत गेले. आंघोळ झाली, पूजा झाली. अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली आणि पुन्हा घोंगडीकडं निघाले.

"निजू नका, अप्पा. कोपऱ्यापर्यंत जाऊन या. दुसरं काही करू नका."

गेले आणि आले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. काही दिवशी चार-चार हाका माराव्या लागायच्या, काही दिवशी पूजेत डोळ्यांना धार लागायची. शिवगंगा समजूत काढत बसायची नाही. भाकरी वाढायची, टोपी हातात द्यायची आणि मठात जायची आठवण करायची.

पाऊस काही आला नाही. श्रावण तसाच सरला, आणि खापर शिवगंगाच्या डोक्यावर फुटलं. नळावर बायका तिची घागर मागं सारू लागल्या. "भरत आलेला उपास मोडला हिनं," केवळाबाई सगळ्यांदेखत म्हणायची. "म्हातारं आणखी दोन दिवस बसलं असतं तर आभाळ फुटलं असतं." शिवगंगाला ते लागायचं, पण घरी ती अवाक्षर बोलली नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी अप्पा दुकानाला निघाले होते. नळावरचं हे बोलणं त्यांच्या कानावर पडलं. ते थांबले.

"केवळाबाई, मी पावसासाठी बसलो नव्हतो," ते म्हणाले. "मला जगायचंच नव्हतं. सांगायची लाज वाटली, म्हणून तुमचे नारळ ठेवून घेतले. या पोरीनं उठवलं म्हणून मी हाय."

एवढं बोलून ते दुकानाकडं चालू लागले.  नळाची धार बारीक होती, घागर भरायला वेळ लागत होता.

बाकीच्या बायका पांगल्यावर केवळाबाई शिवगंगाजवळ सरकली. तिनं आवाज अगदी खाली आणला.

"आमचा पोरगा सिद्धेश्वर वैशाखापसून पडून हाय," ती म्हणाली. "लोकाला आमी पित्त म्हणून सांगतो."