पुजलेला बांबू

शालिकपुकुर तरुण संघात एकही तरुण नाही. सगळ्यात लहान सभासद मी, आणि माझी पन्नाशी कधीच उलटलीय. अध्यक्ष बिश्वंभर लाहा सत्तरीच्या पुढे आहेत. आळीतली म्हातारी माणसंसुद्धा त्यांना बडदा, म्हणजे थोरले दादा, म्हणतात, आणि बडदा बोलले की विषय संपतो, ही आमची जुनी पद्धत.

गेल्या वर्षी आमच्या दुर्गापूजेचा मंडप सप्तमी उजाडली तरी पुरा झाला नव्हता. देवी येऊन बसली आणि तिच्या डोक्यावर माणसं छताचं कापड शिवत होती. मागच्या गल्लीत उरलेलं सामान पडलेलं. अष्टमीच्या गर्दीत त्याच गल्लीच्या तोंडाशी रेटारेटी झाली आणि लाबण्यमासी पडली. मासी त्या गल्लीतच राहते. तिचं कंबरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे.

मग सगळ्यांना माझी आठवण झाली. मी उभा जन्म विजेच्या तारांचे मनोरे उभे करण्यात घालवला, पुरुलियापासून सिक्कीमपर्यंत. संघाचं सेक्रेटरीपद याआधी कुठल्या बाईला दिलं नव्हतं. लग्न न केलेल्या बाईला तर नाहीच नाही. "हिनं घर नाही मांडलं, मंडप काय मांडणार," असं कोणीतरी म्हणालंही, माझ्या कानावर पडेल अशा बेतानं. मी म्हटलं, मांडून दाखवते. अट एकच. लोक पुढून येतील, मागच्या गल्लीतून बाहेर जातील, आणि ती गल्ली मासीची खुर्ची आरामात जाईल इतकी मोकळी राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवण्यात आमच्या संघाचा हात कोणी धरणार नाही.

रथयात्रेच्या दिवशी खुंटीपूजा असते. मंडपाचा पहिला बांबू पुजून रोवायचा आणि तिथून कामाला सुरुवात. नेमकं त्याच दिवशी सिलिगुडीला माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं. परत आले, बघते तर काय, बांबू मागच्या गल्लीच्या बरोब्बर तोंडाशी! शेंदूर लावलेला, लाल कापड गुंडाळलेलं, हार घातलेला.

"बडदा, हा इथं कसा?"

"फोटोवाला म्हणाला, इथं उजेड छान येतोय. मागं संघाची नवी पाटीपण दिसतेय. पेपरात बघ किती झकास आलाय फोटो!"

"अहो, पण लोक बाहेर कुठून जाणार?"

"बघू गं. अजून केवढा वेळ आहे."

मी पुरोहित शशधर भट्टाचार्यांना गाठलं. ते म्हणाले, पुजलेली खुंटी विसर्जनाआधी हलवायची नसते. "अन् चुकीच्या जागी पुजली असेल तर?" विचारलं तर म्हणाले, "मुहूर्त मी सांगितला बाई. जागा फोटोवाल्यानं सांगितली." घ्या! मी दर बैठकीत हा विषय काढायचे आणि दर बैठकीत बडदा म्हणायचे, बघू. पुढं पुढं मी तोंड उघडलं की बाकीचे छताकडे बघायला लागायचे.

काम मात्र मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं. रोज सकाळी चहाच्या टपरीवर, सगळ्यांनी उभ्यानं. खुर्ची दिली की माणूस भाषण देतो. काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढंच बोलायचं. "होऊन जाईल" हा शब्द मी बंद करून टाकला. बांबूवाल्यांचा मुकादम निताई माइती काँथीहून दरवर्षी येतो. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "दीदी, छताचं होऊन जाईल." मी म्हटलं, "कोण करणार? नाव सांग." तो डोकं खाजवायला लागला. "ज्या कामाला नाव नाही ते काम होणार नाही निताई, लिहून ठेव कपाळावर." तो हसला, पण दुसर्‍या दिवशी नाव घेऊन आला.

आणि वाईट बातमी आधी सांगायची. दिवेवाल्यानं येऊन सांगितलं की त्याची माणसं दुसर्‍या मंडपावर पळाली, तेव्हा बडदा त्याच्या अंगावर धावून गेले. मी मध्ये पडले. त्याला चहा पाजला. आज सांगितलंस म्हणून हातात वेळ आहे, म्हटलं, पंचमीला सांगितलं असतंस तर मी तुला खांबाला बांधला असता. सांगणार्‍यालाच झोडपलं, तर उद्या कोण सांगायला येणार? बडदांना हे काही पटलं नाही. ते म्हणाले, तू माणसं डोक्यावर चढवून ठेवतेस.

तर काम पुढं सरकत होतं आणि तो बांबू तिथंच होता. गंमत बघा, सगळ्यांना ठाऊक होतं तो चुकीच्या जागी आहे. पण एक जण म्हणेना काढा. सजावटवाल्यानं त्याला मधे घेऊन एक जाडजूड खांब रचला. खांब आला म्हणून भिंत सरकली, भिंत सरकली म्हणून दिव्यांची तार आडवी आली. एका बांबूपायी अख्खा मंडप अंग चोरून उभा राहायला लागला. मनोर्‍यांच्या कामातही मी हेच पाहिलंय. पहिल्या दिवशीची चूक कोणी काढत नाही, तिच्याभोवती नवी कामं रचत जातात, आणि मग म्हणतात, आता कशी काढणार, केवढं काम झालंय!

महालया, म्हणजे पूजेआधीची अमावास्या, जवळ आली तेव्हा माझा संयम संपला. रविवारी समितीची बैठक मंडपातच होती. मी लाबण्यमासीला खुर्चीत बसवलं, ढकलत आणलं आणि सगळ्यांसमोर बाहेरच्या वाटेनं घेऊन निघाले. बांबूपाशी खुर्ची अडकली. एक चाक खांबाला, दुसरं भिंतीला.

"अगं, ओढ की," मासी म्हणाली.

"ओढतेच आहे मासी. जात नाही."

"मग आता मी इथंच राहू? दशमीपर्यंत? मला पण हार घाला म्हणावं!"

काही जण हसले. बडदा नाही हसले. "मासी, तुम्हाला आमची चार पोरं उचलून नेतील," ते म्हणाले.

"कुठली पोरं रे बिशू? तुझ्या संघात चार जणांचे मिळून दोन गुडघे धड नाहीत. आणि मला उचलाल. माझ्या मागं हजार माणूस असेल, त्याला कोण उचलणार?"

बडदांचा चेहरा लाल झाला. मत घेऊ, म्हणाले. खुंटी राहावी असं वाटतं त्यांनी हात वर करा. झाडून सगळे हात वर गेले. ज्यांनी आदल्या दिवशी माझ्या कानाशी लागून "दीदी, काढायलाच हवी" म्हटलं होतं, त्यांचेही.

माझं डोकं फिरलं. पण आवाज मी खालीच ठेवला. "छान. ठरलं. आता ज्यांनी हात वर केले त्यांच्यापैकी कोणीतरी अष्टमीच्या संध्याकाळी या बांबूपाशी उभं राहायचं. पूर्ण संध्याकाळ. कोणी पडलं, चेंगरलं, तर जबाब त्यानं द्यायचा. बोला, कोण?"

एकाचा रक्तदाब निघाला. एकाच्या घरी अष्टमीला जावई येणार होते. एक जण फोनवर बोलत बाहेर गेला, फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. मी बडदांकडे बघितलं.

"अष्टमीला मी अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर असणार," ते म्हणाले.

"म्हणजे कोणीच नाही. म्हणजे जबाबदारी माझी. मग निर्णयही माझाच."

मी पहार उचलली.

"शर्बाणी! पाप लागेल! आळीचं वाटोळं होईल!" बडदा माझ्यावर ओरडले.

"लागू दे. मला लागू दे, मला ना पोर ना बाळ. लाबण्यमासीचं कंबरडं मोडलं तेव्हा ते पुण्य होतं का?"

निताईला हाक मारली. त्यानं हात जोडले. "दीदी, आमची लेकरंबाळं आहेत. पुजलेली खुंटी आहे." भीती वाटते त्या माणसाला ओढून आणून काम होत नाही. मी एकटीच लागले. आधी सजावटीचा खांब फोडला, मग बुंध्याशी खणायला लागले. पावसानं माती घट्ट बसली होती. तळहाताची सालटी निघाली. सगळी समिती गोल करून बघत होती, जशी काही मी कोणाचा खूनच करतेय. मासी खुर्चीतून ओरडत होती, "डावीकडून घाल! अगं, डावीकडून!"

बर्‍याच वेळानं शेजारी दुसरी पहार पडल्याचा आवाज आला. निताई होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी मातीला हात लावतोय. खुंटीला नाही."

बांबू निघाला. मी तो खांद्यावर टाकला आणि आमच्या अंगणात नेऊन भिंतीला टेकवून ठेवला, हारासकट. परत आले तर बडदा वाट अडवून उभे होते. "आजपासून तू सेक्रेटरी नाहीस."

"नाही तर नाही. उद्याची बैठक नेहमीच्या वेळेला, टपरीवर."

दुसर्‍या दिवशी समितीतलं काळं कुत्रं फिरकलं नाही. निताई आला, दिवेवाला आला, सजावटवाला तोंड पाडून आला पण आला. मूर्तिकाराचा माणूस, भोगाची खिचडी रांधणारे, सगळे. काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडलंय. पद गेलं होतं, काम माझ्याकडेच होतं. भिंत मागं सरकली, गल्ली मोकळी झाली.

आळीत मात्र मी चेटकीण ठरले. पाऊस पडला, माझ्यामुळे. पुरोहितांना ताप आला, माझ्यामुळे. कोणाची तरी मांजर हरवली, तीही माझ्याच खात्यात. बाजारात एकीनं तोंडावर विचारलं, "तुम्हीच ना खुंटी उपटलीत?" मी म्हटलं, "हो, मीच. तुमच्याकडे उपटायची असेल तर सांगा."

पंचमीला मंडप तयार होता. आमच्या आळीच्या इतिहासात पहिल्यांदा.

अष्टमीच्या संध्याकाळी गर्दी तुडुंब झाली. आरती चालू होती, ढाक वाजत होते, आणि चौकातला ट्रान्सफॉर्मर फाटकन उडाला. मिट्ट काळोख. कोणीतरी "आग!" म्हणून किंचाळलं. आग नव्हतीच, पण अंधारात ते कोण बघतंय? सगळा लोंढा मागच्या गल्लीकडे वळला. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून घसा फोडत होते, सावकाश, सावकाश. लाबण्यमासी तिच्या खिडकीतून बॅटरी धरून ओरडत होती, "इकडून या रे! रस्ता मोकळा आहे! पोरांना उचलून घ्या!" माणसं येत राहिली आणि जात राहिली. जिथं बांबू होता तिथून बाया गेल्या, म्हातारे गेले, खांद्यावरची पोरं गेली. दिवे आले तेव्हा मंडपात चपलांचा ढीग होता, आणि एकालाही खरचटलं नव्हतं.

काही झालं नाही, म्हणून कोणी काही बोललंही नाही. दुसर्‍या दिवशी बडदांनी माइकवरून सांगितलं, देवीच्या कृपेनं मोठं संकट टळलं. मी खिचडी खात होते. खात राहिले.

दशमीला, विसर्जनाच्या दिवशी, पोलिसांनी पुढचा रस्ता बंद केला, ट्रक मागच्या बाजूलाच लावायला लावला. म्हणजे देवी त्याच गल्लीतून निघणार. मूर्ती उचलायला लागले आणि खालचा एक बांबू कडकन मोडला. तेवढा लांब, तेवढा सरळ दुसरा बांबू मंडप मोडल्याशिवाय कुठून मिळणार? मी घरात होते, दार वाजलं. बडदा होते.

"शर्बाणी, तो बांबू... आहे का अजून?"

"आहे की. अंगणात."

"हवा होता."

"देवीच्या खाली घालणार? मी उपटलेला? पाप लागलेला?"

त्यांच्या मागं सगळी समिती, ढाक वाजवणारे, निताईची माणसं. मासीपण खुर्ची दारापर्यंत आणून बसली होती.

"जागा चुकली होती," बडदा पुटपुटले.

"मला ऐकू आलं. मागं नाही आलं."

"अगं, चुकली होती जागा!" बडदा ओरडलेच. "माझी चूक होती! आता देतेस का?"

दिला. पण नुसता दिला नाही. मूर्तीखाली सरकवला आणि पुढचं टोक मीच खांद्यावर घेतलं. बायका मूर्तीला खांदा देत नाहीत आमच्याकडे. कोणीतरी तसं म्हणालंही. मी म्हटलं, हा बांबू कोणाच्या खांद्यावर बसतो ते त्याला आधीपासून ठाऊक आहे.

बडदा माझ्या मागं होते. ढाक सुरू झाले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "सावकाश गं, इथं अरुंद आहे."

"नाही बडदा," मी म्हटलं. "आता नाही."