तिसऱ्या गाळ्याची साखळी

गाड्या धुण्याचं आमचं ठिकाण गावाबाहेर, शेतांना लागून आहे. इथे धुवायला माणूस ठेवलेला नाही. खोक्यात नाणं टाकायचं, पाण्याची बंदूक उचलायची आणि आपली गाडी आपण धुवायची. तीन गाळे, वर पत्रा, समोर भिंत, मागे मोटरची खोली. लोकांना वाटतं, सगळं यंत्रच करतं, मालकाने नुसतं बसायचं. बसायला मिळालं असतं तर मीही बसले असते. पण ट्रॅक्टरवाले चिखल आधी पाण्याने उडवत नाहीत, थेट फेसाच्या ब्रशने घासतात. मग वाळू ब्रशात अडकते आणि पुढच्याच्या नव्या गाडीवर रेघा उमटतात. शिव्या मला. म्हणून रोज पहाटे मी ते ब्रश उलटे धरून विंचरते, पोरीच्या केसातला गुंता काढावा तसे. जाळ्या उचलून चिखल उपसते, बंदुकीच्या तोंडात अडकलेली माती सुईने काढते.

हे सगळं मी न बोलता करते. उठल्यापासून सकाळची कामं उरकून देवापुढे दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हे माझं लग्नाआधीपासूनचं व्रत. घरात ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. मोठे दीर मला मौनीबाई म्हणतात. एरवीही माझा आवाज बारीक. सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, आमची धाकटी सून घरात आहे की नाही ते कळतसुद्धा नाही.

आमचं पाणी टाक्यांमधून निवळत निवळत चरात जातं आणि चरातून बदकवाल्या मावशींच्या डबक्यात. गाळे बांधायला घेतले तेव्हा मावशी काठी टेकत आल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं. माझी बदकं ह्याच पाण्यात असतात, त्यांना काही झालं तर, असं त्यांनी विचारलं. साबण साधाच आहे, बदकांना काही होणार नाही, माझा शब्द, असं मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. एवढ्या मोठ्याने मी त्याआधी कुणाशी बोलले नव्हते.

त्याच मावशींनी एका सकाळी पदरात गुंडाळून आणलेलं बदक पहिल्या गाळ्याच्या फरशीवर ठेवलं. मान लुळी पडलेली, चोचीला फेस. घरी अजून बरीच तशी पडली होती. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "तुझा शब्द," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. संध्याकाळपर्यंत गावात झालं की आमच्या साबणाने बदकं मेली. आमचं पाणी तोडायचं का, हे ठरवायला सभा बसणार होती.

साबण तोच होता, पहिल्या दिवसापासूनचा. मी एकेक जाळी उचलून पाहिली. तिसऱ्या गाळ्याच्या जाळीखाली चिखलात औषध मोजायचं एक झाकण सापडलं आणि बाटलीच्या तोंडावरचा फाडलेला चंदेरी कागद. औषध म्हणजे किड्यांवर फवारतात ते. वास नाकात गेला आणि तिथेच बसला.

आमच्या घरात फवारणीचा धंदा एकच माणूस करतो. मोठे दीर. गाडीवर टाकी बांधून लोकांच्या शेतात औषध मारत हिंडतात. घरचे म्हणून खोक्याची किल्ली त्यांच्याकडे होती, नाणं न टाकता पाणी सुरू करता यायचं. आठवड्यातून एखाद्या पहाटे ते तिसऱ्या गाळ्यात गाडी लावायचे, चाकांचा चिखल काढतो म्हणायचे. मी पहिल्या गाळ्यात ब्रश विंचरत असायचे. मधल्या पडदीमुळे टाकी दिसत नाही.

संध्याकाळी मी ते झाकण नवऱ्यापुढे ठेवलं. यांनी ते उचललंसुद्धा नाही. दादाला कसं विचारायचं, म्हणाले. त्याने मला हाताला धरून शाळेत नेलंय. सासूबाई म्हणाल्या, घरातलं घरात राहू दे, गावात साबणाचं नाव झालंय तर साबण बदलू. जाऊबाईंचं म्हणणं, बदकं म्हातारी होती. सगळी म्हातारी, एकाच दिवशी. शेवटी हे जवळ येऊन हळूच म्हणाले, "तू एवढं देवाधर्माचं करतेस, तुला राग शोभत नाही."

मी भाकरी थापत होते. हात थांबला. इतकी वर्षं मी ज्याला भक्ती समजत होते ते ह्या लोकांना झाकण वाटत होतं. माझ्या तोंडावरचं. त्या रात्री मी देवाला काही मागितलं नाही. नुसती बसून राहिले, दात आवळून.

पुढची पहाट तशीच गेली. त्यानंतरच्या पहाटे तिसऱ्या गाळ्यात गाडी लागल्याचा आवाज आला. मी ब्रश खाली ठेवला आणि पडदीला वळसा घालून गेले. दिरांनी बंदूक टाकीच्या तोंडात खुपसली होती. खालच्या तोटीतून दुधासारखं पांढरं पाणी जाळीत उतरत होतं. माझी चाहूल लागून त्यांनी मागे पाहिलं, नेहमीसारखा हात उंचावला आणि पुन्हा कामाला लागले. कुत्रं दिसावं तसं.

मी मोटरच्या खोलीत गेले आणि तिसऱ्या गाळ्याचा कॉक आवळला. चराच्या तोंडात मातीच्या गोण्या कोंबल्या. परत येऊन त्यांच्या गाडीमागे साखळी ओढली, गाळा दुरुस्तीला काढला की ओढतो ती, आणि कुलूप घातलं. पुढे भिंत, मागे साखळी.

पाणी गेलं वाटतं, असं दीर म्हणाले. मग साखळी दिसली. आधी हसले, साखळी काढ म्हणाले. मी मान हलवली. हात जोडून दाखवू का, म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी यांना हाक मारली. हे बनियनवरच धावत आले, आधी साखळीकडे पाहिलं, मग जाळीतल्या पांढऱ्या पाण्याकडे. पाण्यावरची नजर त्यांनी लगेच काढून घेतली.

"बायकोला सांग तुझ्या," दीर म्हणाले. "टाकी कुठेतरी धुवायला नको का? म्हणून तर ह्या वेळेला येतो. मौनीबाई बोलत नाही, कटकट नाही."

म्हणजे वेळ निवडलेली होती. माझं व्रत घड्याळासारखं वापरलं होतं.

"भावजी," मी म्हणाले, "गाडी इथेच राहील."

हे म्हणाले, "अगं, दिवा लागला नाही अजून. व्रत मोडलं ना तुझं."

"मोडलं. ते माझं मी आणि देव बघून घेऊ. मावशींना घेऊन या."

हे जागचे हलेनात. मी कुलपाची किल्ली मुठीत धरून साखळीसमोर उभी राहिले. उजाडलं. धुवायला आलेले दोन ट्रॅक्टर मागे येऊन थांबले, ड्रायव्हर खाली उतरले, काय झालं विचारायला लागले. तेव्हा हे गेले. मान खाली घालून गेले, पण गेले.

मावशी आल्या त्या यांच्या हाताला धरून. दीर टाकीला टेकून उभे होते. मी म्हणाले, तुमच्या तोंडाने सांगा, मग कुलूप निघेल. ते जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

मावशींनी कानामागे हात नेला. "काय म्हणतो हा?"

"टाकी मी धुतली," दीर जरा मोठ्याने म्हणाले.

"कसली?"

"औषधाची."

"अजून मोठ्याने बोल बाबा. म्हातारीला ऐकू येत नाही."

एका ड्रायव्हरने चालू ठेवलेलं इंजिन बंद केलं. त्या शांततेत दीर ओरडूनच बोलले. औषधाची टाकी मी इथे धुतली, बदकं त्याने मेली, साबणाने नाही. मावशींनी ऐकलं, मान डोलवली आणि म्हणाल्या, हेच असंच सभेत सांगायचं. मग माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला आणि काठी उचलली. बदकं काही परत येणार नव्हती.

कुलूप मी काढलं. पाणी सोडलं नाही. जाळीतलं सगळं पाणी दिरांनी बादलीने पिंपात उपसलं, आणि हेही बादली घेऊन खाली उतरले, न सांगता. खोक्याची किल्ली मी दिरांच्या हातातून घेतली. घरी सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. मौन आता त्यांनी धरलं होतं.

दिवा लावायला दुपार झाली. वात पेटवली. डोळे मिटून बसले, पण राग तसाच होता, छातीत, गरम. तो जावा असं मी काही मागितलं नाही.