खोलीत कुणी नाही

जिना चढता चढता तो दुसऱ्या मजल्यावर थांबला आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पिशवी जड नव्हती. टेलरबाईंच्या उघड्या दारातून त्याची बायको बोलत होती.

"धाकटी बोटीत चढली, तेव्हा थोरलीने हात हलवला नाही. हात हलवला की माणूस खरंच जातं, असं तिला वाटत होतं."

शिलाई मशीनची घरघर थांबली, पाठोपाठ आवाजही. दारात पडलेली त्याची सावली टेलरबाईंनी पाहिली होती.

"भाऊजी, बाहेर का उभे? या ना. तुम्हालाच विचारणार होते. पुढं काय होतं हो? येते का धाकटी परत?"

"कुठली धाकटी?"

"आता घ्या! वहिनींनी एवढा जीव ओतून वाचलंय आणि तुम्हाला धाकटी माहीत नाही? शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. ॲपवर नुसतं 'लवकरच' लिहून ठेवलंय मेल्यांनी. पुस्तक आणून वाचेन म्हटलं, तर हात कुठे मोकळे असतात माझे? कान तेवढे रिकामे."

"मी ऐकलेलं नाही ते पुस्तक," तो ओशाळून म्हणाला आणि पुढचा जिना चढू लागला.

हे खरं होतं आणि नव्हतंही. त्या पुस्तकातला शब्द न् शब्द त्याच्या कानांवरून गेला होता. बायको बोलती पुस्तकं वाचायची. ज्यांना वाचायला वेळ नाही, पण भांडी घासताना, गाडी चालवताना, काजे करताना ज्यांचे कान मोकळे असतात, अशांसाठी. घरातली आतली लहान खोली त्यांनी भिंतींना जुन्या गाद्या ठोकून बंदिस्त करून घेतली होती. ती आत बसून वाचायची आणि तो बाहेर बसून तिचं वाचन साफ करायचा. ओठांची चुटचुट, पान उलटल्याची सळसळ, पोटातली गुरगुर, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे श्वास. एकेक श्वास कापायचा आणि त्या जागी रिकाम्या खोलीची शांतता चिकटवायची. थांबण्याची जागा तेवढीच राहते, श्वास तेवढा नाहीसा होतो. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "ऐकणाऱ्याला खोलीत कुणी आहे असं वाटता कामा नये," असं तो या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

बायको त्याला 'कात्री' म्हणायची. प्रकरण संपवून ती घामेजलेली बाहेर यायची आणि विचारायची, "काय कात्री, कसं वाटलं?"

"दुसऱ्या पानावर खुर्ची करकरली," तो सांगायचा.

ती हसायची आणि पंख्याखाली जाऊन बसायची. गोष्टीबद्दल तो कधी बोलला नाही, कारण गोष्ट त्याने कधी ऐकलीच नव्हती. चुका शोधणाऱ्या कानाला गोष्ट ऐकू येत नाही. काम सुटलं की तिची सगळी पुस्तकं एकेक करून निवांत ऐकायची, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. तिला तसं सांगितलंही होतं. "तोपर्यंत मी बोळकी होईन, मग तुला नुसती चुटचुटच कापत बसावी लागेल," ती म्हणाली होती.

आता ती नव्हती आणि तिचा आवाज मात्र कामावर होता. दातांच्या दवाखान्यात नंबर लिहून घेणारी मुलगी एका कानात तो घालून बसायची. बागेत पळणारा एक तरुण फोन मोठ्याने लावून तिला दुप्पट वेगाने ऐकायचा. शेजारून गेला की ती घाईघाईत, चिमण्यांसारखी बोलून जायची. एकदा सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली झाली आणि ती म्हणाली, "तू आलास तर दार उघडंच आहे." सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवेपर्यंत तो तिथेच होता. बायको गेल्यावर घर खायला उठतं म्हणतात. त्याला अख्खं शहर खायला उठत होतं.

घरात मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. सुट्टी म्हणून ती कालच आली होती, आणि आल्यापासून तिच्या मनात काहीतरी घोळत होतं. तिने फोन त्याच्यासमोर सरकवला.

"बाबा, कंपनीचा नमुना आलाय. शेवटचं प्रकरण आईच्या आवाजात करून देतायत. मशीनकडून. आपण आज हो म्हटलं तर ते लगेच टाकतील."

"ऐकलंस तू?"

"तुम्ही आल्यावर ऐकायचं म्हणून थांबले."

तिने बटण दाबलं आणि आई बोलू लागली. तोच आवाज, शब्दाच्या शेवटी किंचित खाली येणारा, 'समुद्र' म्हणताना उगाच हळवा होणारा. मुलीने तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आईच आहे," ती म्हणाली.

तो सवयीने मान एका बाजूला झुकवून ऐकत होता, काय कापायचं ते शोधत. कापण्यासारखं काही नव्हतं. वाक्यामागून वाक्य आलं, मध्ये नीट थांबणं होतं, त्यात नीट शांतता होती. पोहणारं माणूस पाण्याखाली जावं आणि बराच वेळ वर येऊ नये, तसं त्याला होऊ लागलं. नकळत त्याने स्वतःचाच श्वास धरून ठेवला होता.

"बंद कर."

"का?"

"ती श्वास घेत नाहीये."

"बाबा, मशीन आहे ते."

त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार नम्र होती.

"सर, तुम्ही इतकी वर्षं पाठवलेल्या फायलींवरूनच मशीन शिकलंय. त्यात श्वास नव्हतेच ना. खरं सांगू? एवढ्या स्वच्छ फायली आम्हाला कुणाकडून मिळत नाहीत. मूळ रेकॉर्डिंग असतील तर पाठवा, श्वास घालून देऊ आम्ही."

मूळ रेकॉर्डिंग नव्हती. काम झालं की तो ती पुसून टाकायचा; कचरा घरात साठवायचा नाही, हा त्याचा नियम होता. इतक्या वर्षांत तिने त्या खोलीत घेतलेला एकही श्वास त्याने शिल्लक ठेवला नव्हता.

फोन खाली ठेवला तेव्हा त्याला तो दिवस आठवला. खरं तर आठवला नाही, तो कायम तिथेच होता. शेवटचं पुस्तक चालू होतं. पडद्यावर तिच्या श्वासांची गर्दी झाली होती. हात दुखून आला म्हणून तो आत डोकावून वैतागला होता, "आज फार श्वास घेतेस गं. काम वाढवून ठेवतेस."

"बरं," ती म्हणाली होती. "कमी घेते."

डॉक्टरांना कळायच्या कितीतरी आधी तिचं दुखणं त्याच्या कानाला कळलं होतं. त्याने ते कापलं आणि त्या जागी शांतता चिकटवली.

"मग काय सांगू त्यांना?" मुलीने विचारलं. तो पिशवीतली भाजी काढू लागला, तेव्हा तिचा आवाज चढला. "तुम्हाला नसेल ऐकायचं, मला ऐकायचंय. श्वास नसला तरी चालेल मला. ते पुस्तक अर्धवट आहे ना, तर मला रोज वाटतं की ती आत बसलीये आणि तिला कुणी बाहेर येऊ देत नाहीये."

"संध्याकाळपर्यंत थांब," तो म्हणाला.

तो आतल्या खोलीत गेला. ती दवाखान्यात गेल्यापासून दार बंदच होतं. गाद्यांना कोंदट वास येत होता. पुस्तक तिरप्या स्टँडवर होतं तसंच होतं, मधल्या खाचेत पेन्सिल. ती पुस्तकावर खुणा करते हे त्याला माहीत होतं, पण पुस्तक ही तिची बाजू. त्याने ते कधी हातात धरलं नव्हतं. त्याने दिवा लावला आणि पहिलं पान उघडलं.

ओळींच्या वर पेन्सिलीच्या बारीक, तिरप्या रेघा होत्या. वाक्याच्या शेवटी एक, लांब वाक्य असेल तर मध्ये एक. कशाच्या खुणा ते कळायला त्याला वेळ लागला नाही. त्याच्याइतकं त्या जागा ओळखणारं दुसरं कोण होतं? इथे ती श्वास घ्यायची.

तो पानं उलटत गेला. पुस्तकाच्या मध्यावर रेघा वाढल्या. पुढे एकेका वाक्यात दोन, मग तीन. शेवटच्या प्रकरणापाशी तो थांबला. हे प्रकरण तिने वाचलंच नव्हतं, पण तयार करून ठेवलं होतं. चार-दोन शब्द झाले की रेघ, पुन्हा शब्द, पुन्हा रेघ. काही ठिकाणी खोडून आणखी अलीकडे घेतलेली. कमी घेते म्हणणारी बाई कुठे किती लागेल याचा नीट अंदाज बांधत इथे बसली होती, आणि दाराच्या पलीकडे तो.

त्याला रडू आलं. त्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही, म्हणून तो पोटभर रडला.

मग पुस्तक घेऊन बाहेर आला, पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरू लागला. मुलगी फोन हातात घेऊन मागोमाग आली.

"बाबा, कुठे निघालात?"

"धाकटी परत येते का ते बघायला."

टेलरबाई कुणाच्या तरी कोटाचं अस्तर लावत होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, त्याच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि काही न विचारता स्टुलावरचे कपडे बाजूला केले. मुलगी दारातच उभी राहिली.

"मला वाचता येत नाही तिच्यासारखं," तो म्हणाला.

"वाचा हो. शिकवणीला थोडीच बसलेय मी."

त्याने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला तो अडखळला. मग त्याने शब्दांवरची नजर थोडी वर नेली, आणि रेघ आली की तो थांबून श्वास घेऊ लागला. चार शब्द, श्वास. तीन शब्द, श्वास. छाती भरेपर्यंत पुढची रेघ यायची. त्याचा श्वास खोलीभर ऐकू येत होता. मशीन थांबली होती. बाईंनी सुई अस्तरात टोचून ठेवली होती आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते.

मुलीच्या हातातला फोन वाजला. कंपनीचं नाव तिने क्षणभर पाहिलं आणि फोन बंद करून टाकला. मग ती उंबऱ्यावर खाली बसली.

थोरली धक्क्यावर आली होती. लांबून बोट दिसत होती. रेघा आता फार जवळजवळ येत होत्या.

"भाऊजी, दमानं," टेलरबाई हळूच म्हणाल्या. "धाप लागली का तुम्हाला? पाणी देऊ?"

"मला नाही," तो म्हणाला. पुढच्या रेघेपाशी थांबून त्याने श्वास घेतला आणि पान उलटलं.