मोठी कोण

आम्ही दोघी जुळ्या. मी भागीरथा आणि ती मनकर्णा. मी आधी जन्मले, ती माझ्यानंतर. आई सांगायची, मधल्या वेळात भात शिजून झाला असता. तरी घरात मोठी ती आणि लहानी मी. आमच्याकडे जुळ्यांमध्ये असंच धरत. सुईणीने आईला समजावलं होतं, की जो जीव पोटात आधी येतो तो खोल जाऊन बसतो, म्हणून मागून निघतो. कोठीत आधी टाकलेली ज्वारी शेवटी हाती लागते तसा. आईने ते धरून ठेवलं. नवीन पातळ आधी मोठीला, सणाचं हळदीकुंकू आधी मोठीला. पाणी भरणं, पिठाची चक्की, बाजार ही बाहेरची कामं लहानीला.

चेहऱ्याने आम्ही इतक्या सारख्या होतो, की बाबा आधी आम्हाला बोलू देत आणि मग नाव घेत. बोलणारी असली तर मी, गप्प असली तर मनकर्णा. रस्त्यात कोणी हसून पाहिलं तर मला कळायचं नाही, हे हसणं माझं की तिचं. मग मी दोघींच्या वतीने हसून घ्यायची.

पासष्ट साली आम्ही सक्करदऱ्याला राहत होतो. रेशनच्या दुकानासमोर सकाळपासून दोन रांगा लागत, एक बायकांची, एक पुरुषांची. आमच्या घरून अर्थातच मी जायची. बाजूच्या रांगेत एक मुलगा उभा राहायचा. मुकुंद त्याचं नाव. कन्हानचा होता, सर्व्हेअरचा कोर्स करायला नागपूरला आला होता आणि आमच्याच गल्लीत, सिंधूताई म्हणून त्याची मावशी होती, तिच्याकडे राहायचा.

"तुमच्या घरी तुमच्यासारखी अजून एक आहे म्हणे," एक दिवस तो म्हणाला.

"आहे न. पण ते रांगेत नाही येत."

"काहून?"

"तिचे पाय दुखतात. माझे लोखंडाचे आहेत."

तो हसला. "मग तुमच्यातली मोठी कोण?"

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मला अशा माणसाने विचारला होता, ज्याला उत्तर ठाऊक नव्हतं. आणि मीच तर आधी आले होते.

"मी," मी म्हटलं.

"वाटलंच. लहान्या इतकं बोलत नसतात."

तेव्हापासून तो मला मोठ्या बाई म्हणायला लागला.

"काय मोठ्या बाई, आज साखर आहे का?"

"साखर नाही. मिलो आहे, ते लाल ज्वारी. अमेरिकेत घोड्यायले घालतात म्हणे. तुम्ही खा बिनधास्त, तुम्हाले मानवंल."

आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. रांग सरकू नये असं वाटणारी त्या रांगेत मी एकटीच असेन. पाच महिने हे चाललं. त्यापलीकडे काही नाही, त्याने माझं नावसुद्धा कधी विचारलं नाही. पण घरी परतताना मी जी होते ती फक्त मी होते, मनकर्णाची दुसरी प्रत नव्हते.

मुकुंदला कन्हानकडे कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात नोकरी लागली. पंधरा दिवसांनी सिंधूताई आमच्याकडे आली. मी चुलीपाशी होते. तिचं बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"तुळसाबाई, आमच्या मुकुंदानं स्पष्ट सांगतलं. त्यायच्यातली मोठी पसंत आहे म्हणे मले."

आई आनंदाने म्हणाली, "बरं झालं वं माय. मोठीचंच आधी व्हावं लागते."

सिंधूताई गेल्यावर मी आईजवळ गेले. "आई, त्यानं मले पाहून सांगतलं. मी त्याले म्हटलं होतं का मीच मोठी."

आई दळण चाळत होती. तिचा हात थांबला. "कवा म्हटलं?"

"रांगेत."

"पराया पोरासंग रांगेत बोलत होती तू?" तिने दाराकडे पाहिलं. बाबा ओसरीवर होते. "आता चूप राह्य. हे बाहेर गेलं तर लोक म्हणतीन लहानीनं चाळे केले. मंग दोघी बसान घरी. अन् मोठी सोडून लहानी कोणी देते का?"

"पण त्याले मनकर्णा नकोच आहे."

"तोंड तर तेच हाय न?" आई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की एवढ्याने भागेल.

पाहायला आले तेव्हा मनकर्णा पोह्यांच्या बश्या घेऊन गेली. मला आत बसवलं होतं, पाहुण्यांचा गोंधळ नको म्हणून. दाराच्या फटीतून मला मुकुंद दिसत होता. मला खात्री होती, तो ओळखेल. तो तिच्याकडे बघून हसला, ओळखीचं हसला. तिने मान खाली घातली. त्यालाही वाटलं असेल, चारचौघांत मुलगी लाजते. त्याच्या वडिलांनी विचारलं, "बाळ, तुले काही विचारायचं आहे का?" तो म्हणाला, "नाही, आमचं सगळं विचारून झालं आहे." सगळे हसले. मनकर्णासुद्धा हसली, कारण सगळे हसले होते.

तिला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती उठून माझ्यासाठी बाजूला झाली असती. ती तशीच होती. आणि मग आई म्हणाली तसं लोक बोलले असते आणि दोघीही घरी बसलो असतो. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता वाटतं, तो आपणहून ओळखेल याची मी वाट पाहत राहिले. लग्नात अंतरपाट दूर झाला तोवर.

आषाढात, आखाडीच्या सणाला मनकर्णा पहिल्यांदा माहेरी आली. आम्ही विहिरीवर कपडे धूत होतो. बराच वेळ ती एकाच धोतराला साबण लावत होती.

"लहाने, रांगेत काय व्हायचं वं?"

मी हातातलं पातळ पिळून बाजूला ठेवलं.

"ते मले मोठ्या बाई म्हणतात अन् माह्या तोंडाकडं पाहत राहतात. मी काही म्हणन म्हणून. लोखंडाचे पाय काय? घोडे काय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले समजलं सगळं. त्यायले नाही समजलं अजून. आता मी काय करू, तूच सांग."

"सांगून टाक त्याले."

"अन् जाऊ कुठं?" तिने विचारलं.

मी बादली विहिरीत सोडली.

"तू कशी बोलत होती ते मले शिकव," ती म्हणाली.

तिच्या मुक्कामाचे पाच दिवस मी तिला शिकवलं. तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, कशावर हसला. एक गोष्ट तरी आपल्यापुरती ठेवावी असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. ती पाढे म्हणावे तसं म्हणायची आणि मधेच चुकायची. "असं नाही वं," मी म्हणायची, "जरा चिडवल्यासारखं म्हण." तिला चिडवता येत नव्हतं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "राहू दे. मी म्हणन, लग्न झाल्यावर बाईनं इतकं बोलू नये." आणि तिने तेच केलं.

मीही भाऊजींसमोर बोलणं सोडलं. माझ्या तोंडून एक वाक्य तसं निसटलं असतं, तर तिचा संसार गेला असता. मग ती सवयच झाली. मी धरमपेठेत एका शिवणवर्गात शिकवायला लागले. स्थळं आली, मी नाही म्हटलं, पुढे ती यायची थांबली.

मनकर्णा त्र्याऐंशी साली काविळीने गेली. सतरा वर्षांचा संसार आणि चौदा वर्षांची मुलगी, उत्तरा. दोन महिन्यांनी आई मला घेऊन कन्हानला गेली. का, ते तिने बसमध्ये सांगितलं नाही. मुकुंदसमोर बसल्यावर सांगितलं. पोरीला आई होईल, घर सांभाळलं जाईल, साळी आहे, बायकोची सख्खी बहीण, लोक काही म्हणणार नाहीत.

मी दाराजवळ उभी होते. माझं वय एकोणचाळीस होतं.

"आई, राग नका मानू," मुकुंद म्हणाला. "लग्नाआधी मनकर्णा कशी बोलायची, तुम्हाले नाही माहीत. मी तिच्या बोलण्याले भुललो होतो. मंग संसारात ते बोलणं गेलं. माझंच काही चुकलं असंन. मी सतरा वर्षं वाट पाहिली का ते एकदा तरी तसं बोलंन." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "यांचा चेहरा तोच आहे. पण त्या मनकर्णा नाहीत."

मी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य म्हटलं असतं, तर मनकर्णा त्या घरात सतरा वर्षं कोण होती? आणि खरं सांगायचं तर ते वाक्य मला आलंच नाही. तसं बोलणारी मी उरलेच नव्हते. शिकवून संपली होती ती.

"अजून एक," तो म्हणाला, "भागीरथाबाई, तुम्ही येत नका जाऊ. उत्तरा तुम्हाले पाहून दोन दोन दिवस जेवत नाही."

"बरं, भाऊजी," मी म्हटलं.

परतताना बस कामठीला थांबली तेव्हा आई म्हणाली, "सांगून टाकायचं होतं न. काहून बोलली नाही वं?"

मी खिडकीकडे तोंड करून बसले. तिने पुन्हा विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी आई वारली, त्या दिवशी मुकुंद आला होता. दाराशी उभा राहिला, माझ्याकडे न पाहता हात जोडले आणि पुरुषमंडळींत जाऊन बसला.