काचेवरची वस्ती

लाडक्यानं मुकादमाच्या खांद्यात कुऱ्हाड घातली, ती त्याच्याच पाड्यातल्या बुध्यासाठी. सागाचा ओंडका घसरून बुध्या चिरडला होता, आणि मुकादम त्याच्या प्रेताला लाथ मारून म्हणाला होता, "ऊठ." मुकादम दामोदरशेट ठेकेदाराचा. पाड्यापाड्यातून माणसं वेठीला धरून आणायची, ओंडके ओढून घ्यायचे आणि बसेल त्याला चाबकानं उठवायचं, एवढंच त्याचं काम. जीव वाचला त्याचा, हात गेला. मला विचाराल तर स्वस्तात सुटला. त्याच रात्री लाडक्याचा सगळा पाडा पोराबाळांसकट वांगणीच्या बाजूच्या रानात पळाला, आणि दामोदरशेटनं शपथ घेतली की एकेकाला शोधून सोलून काढीन.

हे जव्हार संस्थानातलं, पहिलं महायुद्ध लागायच्या आधीच्या एका उन्हाळ्यातलं.

लाडक्याची बायको रुपी तेवढी मागं राहिली. मोखाड्याच्या वाटेवरल्या एका डोंगरावर पुण्याचे एक मास्तर, त्र्यंबकराव सोहनी, भलामोठा कॅमेरा घेऊन उतरले होते. त्यांच्याकडे ती पाणी भरायला लागली. ती कोणाची कोण, हे शेटच्या माणसांना ठाऊक नव्हतं. तिला मास्तरांशी काही घेणं नव्हतं, तिला हवा होता तो कडा. तिथून वांगणीकडचं रान पार टोकापर्यंत दिसायचं. पळालेल्यांनी चुली खड्ड्यात केल्या होत्या आणि वर ओल्या पानांचा आडोसा घातला होता. अंधार पडला की रुपी कड्यावर उभी राहून डोळे फाडून बघायची. एवढासा उजेड दिसला असता तरी ती धावत जाऊन त्यांना सांगणार होती. पण खाली नुसता काळोख असायचा. खात्री झाली की ती भाकर खायला बसायची. रानातल्या माणसानं याहून आणखी काय करायचं?

मास्तर वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, त्यांच्यापासून जपून तरी राहता आलं असतं. त्यांना वेड होतं ते अरुंधती-केश नावाच्या तारकासमूहातल्या अंधुक डागांचं. आज आपण त्यांना दीर्घिका म्हणतो, तेव्हा तेजोमेघ म्हणत. हे डाग आभाळभर सारखे विखुरलेत की एकमेकांना धरून राहतात, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. डोळ्याला त्यातलं काही दिसत नाही. कॅमेऱ्यातली काच मात्र तास तास उघडी ठेवली की थेंब थेंब उजेड साठवते. मास्तर हे सांगायला लागले की गडी गोड दिसायचा, रुपीलाही हसू यायचं.

"मास्तर, तू नाय दिसं त्याच बघतस," ती म्हणायची. सगळ्यांना अरेतुरेच करायची ती, रानात तशीच रीत.

मास्तरांचं सामान वर चढवायला बैलगाड्या दिल्या होत्या दामोदरशेटनं. एका सकाळी तो स्वतः घोड्यावरून आला आणि खो खो हसला. "मास्तर, काळोखाचे फोटो काढता म्हणे!"

मास्तरांना ते लागलं. शिकवायची खोड, दुसरं काय. त्यांनी एक काच आणून उन्हात धरली. कॅमेरा नीट जुळला आहे की नाही हे बघायला आदल्या संध्याकाळी त्यांनी तो आभाळाऐवजी रानाकडे वळवून काळोख पडल्यावरही तसाच उघडा ठेवला होता. "काचेवर उजेड काळा उमटतो. हे ठिपके बघा. डोळ्याला तिथं काही नाही. विखुरलेले असते तर वणव्याचे निखारे म्हटलं असतं. पण हे एका जागी गोळा झालेत. म्हणजे तिथं वस्ती असणार. आभाळातही मी हेच शोधतोय."

रुपीच्या हातातला हंडा खाली पडला. दामोदरशेट हसायचा थांबला. त्यानं मास्तरांकडून भिंग मागून घेतलं आणि खालचा ओढा, ओढ्याचं वळण, वळणावरचे ठिपके नीट ताडून पाहिले.

रुपी धावली. पण घोड्यांपुढं माणूस किती धावणार? ती पोचली तेव्हा झोपड्या जळत होत्या. लाडक्याला उंबराला बांधून कुऱ्हाडींच्या दांड्यांनी मारलं होतं, तोंड ओळखू येत नव्हतं. तिनं त्याला पायाच्या बोटांवरून ओळखलं. नवशी म्हातारी दारातच जळाली होती. बाकीचे पोरं काखोटीला मारून निसटले होते. एकटीनं हातांनी माती उकरून तिनं नवऱ्याला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती डोंगर चढून परत आली.

दामोदरशेट माणसं घेऊन तिच्या आधी येऊन बसला होता. "अर्धे सुटले," तो मास्तरांना सांगत होता. "आज परत काच लावा. नाही लावलीत तर तुमच्या कॅमेऱ्याचं भिंग दगडानं फोडतो आणि आधीच्या काचाही."

त्या आधीच्या काचांत अरुंधती-केशातले तेजोमेघ होते, दाटीवाटीनं, चांगले शंभरावर. मास्तरांच्या जन्मभराचं फळ हाताशी आलं होतं. ते उठले आणि कड्याच्या टोकाशी तिपाई नेऊन कॅमेऱ्याचं तोंड खाली वळवायला लागले.

रुपी त्यांच्याजवळ गेली. तिच्या नखांत माती होती. "मास्तर, खाली थं माणसां हायेत. आता तुला ठावा हाय."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या पदरात घालतो. "एकच काच, रुपी. मग तो मला सोडेल. मला अजून थोड्याच रात्री हव्यात गं."

तिनं कॅमेऱ्याला दोन्ही हात लावले आणि सगळा जीव लावून ढकललं. तिपाईचा पाय कड्यावरून सुटला. मास्तरांनी झडप घालून कॅमेऱ्याला मिठी मारली.

"सोड," रुपी म्हणाली. "मास्तर, सोड त्याला."

पाय मुरमावर घसरत होते तरी त्यांनी सोडलं नाही. खाली खडकावर आधी काच फुटल्याचा आवाज आला, मग दुसरा.

शेटच्या माणसानं बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर मारला. ती पडली, दात थुंकून कड्याच्या टोकाशी उठून बसली. खाली रानात अंधार भरत चालला होता. शेटनं तिचे केस धरून मान त्या बाजूला वळवली. "कुठं आहेत ते? बोल, कुठं?"

"तुला डोळं हायेत ना," रुपी म्हणाली. "बघ."